बी कोणाला आली

३ जून

वहिनी,

दादा असेपर्यंत पत्राच्या वर त्याचं नाव असायचं आणि तुमच्या वाट्याला शेवटची ओळ, ‘वहिनींना सांग’ एवढीच. आज पहिल्यांदा तुम्हाला लिहिते आहे. फोनच करणार होते. पण फोनवर आपण दोघी ‘बरं आहे ना’, ‘हो, बरं आहे’ म्हणतो आणि कोण आधी ठेवतंय याची वाट बघत बसतो. म्हणून पत्र.

आई ठीक आहे. शहाऐंशीव्या वर्षी जितकं ठीक असता येतं तितकी. भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जाते. कान जवळजवळ गेले, डोळे शाबूत आहेत. मी पडदे शिवायला बसले की खुर्ची ओढून मशीनजवळ येते आणि टीप वाकडी गेली की माझ्या आधी तिला दिसते. दादा गेला हे ती विसरत नाही. विसरली असती तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं.

एक मागणं आहे. तुमच्या अंगणातल्या चेरी आता पिकल्या असतील, पण मला नवा जाम नको. गेल्या वर्षी दादाने केला त्यातली एखादी बरणी उरली असेल तर पाठवाल का? त्याच्या हातची. एकच पुरे. का हवी ते विचारू नका.

आणि बरण्या धुवायला मी येणार आहे. दर वर्षी म्हणते, तुम्ही हसाल.

तुमची नणंद

१२ जून

वन्सं,

पाकिटावर तुमचं अक्षर बघितलं आणि सवयीने पत्र यांच्या चष्म्याजवळ नेऊन ठेवलं. ते उघडायला आता मीच आहे, हे संध्याकाळी लक्षात आलं.

बरणी पाठवते आहे. कपाटात मागे एक राहिली होती. लेबल यांच्या हातचं आहे, बघालच. पुस्तकबांधणीत चाळीस वर्षं गेली, त्यामुळे कव्हराच्या कागदाच्या कापट्या खिशात घेऊन घरी यायचे, त्याचीच लेबलं करायचे. जाम काळपट दिसेल, वर्षाचा आहे. घट्टही झाला असेल. बरणी फडक्यात गुंडाळून भोवती भुसा भरला आहे.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. बिया मी काढायची, केसांच्या आकड्याने. शिजवणं आणि बरण्या बंद करणं यांच्याकडे. बशी आधी फ्रीजमध्ये गार करायचे, तिच्यावर जामचा थेंब टाकून बोटाने ढकलायचे. थेंबाला सुरकुती पडली की गॅस बंद, मग कोणी काही म्हणो. बरण्या भरून, काठ पुसून, झाकणं लावून परत उकळत्या पाण्यात ठेवायच्या, मग काढून टॉवेलवर मांडायच्या. नंतर हे चहा घेऊन शेजारी बसायचे. गार होताना झाकण आत ओढलं जातं आणि टक् असा आवाज येतो. प्रत्येक टक्‌ला मान हलवायचे, कोणी गायला बसलंय असं समजून. त्या वेळात मी बोललेलं चालायचं नाही.

बीची पद्धत तर तुमच्याच घरची, आईंनी पाडलेली. एवढ्या सगळ्या चेरींच्या बिया काढायच्या आणि एक मुद्दाम आत ठेवायची. ज्याच्या पावावर बी येईल त्याने पुढच्या वर्षी बरण्या धुवायच्या. तुमच्याकडे जाणाऱ्या चार बरण्यांतल्या एकीत हे ती न चुकता ठेवायचे आणि ती कोणाला आली हे कळायला तुमच्या पत्राची वाट बघायचे. सहा वर्षं झाली, बी तुम्हालाच येते आहे. नशीब म्हणायचं.

आईंना नमस्कार सांगा, मोठ्याने.

वहिनी

२६ जून

वहिनी,

बरणी पोचली. भुसा घरभर झाला. आई म्हणाली, ‘जाम पाठवलाय की सुताराचं दुकान?’

रविवारी सकाळी उघडली. आईने पावाला लावून खाल्ला. अगदी त्याच्या हातचा आहे म्हणाली. आणि ऐका, बी आईलाच आली. आता या वयात मला बरण्या धुवायला लावता का, म्हणून हसली.

तुमचे फार उपकार झाले. दारात ग्राहक आहे, जास्त लिहीत नाही.

तुमची नणंद

५ जुलै

वन्सं,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्या बरणीत बी नव्हती.

मला माहीत आहे, कारण ती बरणी मी भरली. गेल्या वर्षी नाही. या जूनच्या दहा तारखेला.

मी दोन वर्षं शाळेत गेले, हे तुम्हाला ठाऊक आहे. वाचायला शिकले ते या घरात, चेरी निवडताना. हे छापखान्यातून बिघडलेले फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे छापील कागद आणायचे, टेबलावर पसरायला. रस सांडायच्या आत जेवढं होईल तेवढं मी वाचायची. सोळा पानांत गोष्ट कधी संपायची नाही. त्यामुळे मला खोड लागली, लिहिलेलं वाचताना न लिहिलेलं शोधायची. तुमच्या पत्रात जाम कसा लागला याबद्दल एक अक्षर नाही. मी तर तो करपवून पाठवला होता.

सगळं सांगते. एकदा थांबले तर पुन्हा लिहिणं होणार नाही.

हे गेले तेव्हा कपाटाचा खालचा खण त्यांच्या बरण्यांनी भरलेला होता. भेटायला माणसं येत होती, त्यांना मी बाजारची बिस्किटं देत होते. शेजारची म्हणाली, ‘अगं, त्यांचा जाम असेल ना थोडा?’ मी म्हणाले, ‘संपला.’ ती जिना उतरली आणि मी मोरीपाशी उभी राहून बरणीत चमचा घातला. पाव नाही, बशी नाही. भूकही नव्हती. बरणी रिकामी झाली, धुतली, पालथी घातली. दुसऱ्या दिवशी दुसरी. दार वाजलं की तोंड पुसायची आणि मग उघडायची. लोक म्हणायचे, बिचारी खात नाही, वाळली. एकदा पदरावर डाग पडला, तर तो दिसू नये म्हणून दोन तास हात त्यावर ठेवून बसले होते, आणि तुमच्या दादाच्या छापखान्यातली माणसं माझ्यासमोर रडत होती.

मार्चमध्ये एक दिवस मागे अजून एक आहे असं धरून हातातली संपवली. मागे होती ती खिळ्यांची बरणी.

तुमचं पत्र आलं तेव्हा ‘उरली नाही’ असं लिहायचं होतं. एका ओळीचं काम. पण नाही म्हटलं की कुठे गेल्या हे आलंच. तुम्ही, आई, सगळे म्हणाल, एवढ्या बरण्या, एकीलाही बोलावून दिली नाही? म्हणून मी सकाळी चेरी तोडल्या, बिया काढल्या, आणि वर्षाचा दिसावा म्हणून जाम गरजेपेक्षा जास्त आटवला. बशीवरच्या थेंबाला सुरकुती पडली होती, तरी गॅस बंद केला नाही. तळाला लागला. यांच्या खणात लेबलं होती, दर वर्षी दोन-चार जास्त लिहून ठेवायचे. त्यातलं गेल्या वर्षाचं एक लावलं. बरणी टॉवेलवर ठेवून बसले. मनात आलं, झाकण तरी माझ्या खोटेपणाला साथ द्यायचं नाही. पण टक् वाजलं. यांच्या वेळी वाजायचं तसंच.

एवढा धीर मला कुठून आला तेही सांगते, आणि हे सांगितल्यावर तुम्हाला वाईट वाटेल.

गेल्या वर्षी हे तुमचं पार्सल पोस्टात टाकून आले आणि बघतात तर बी ओट्यावर, बशीत. बरण्या भरताना सिलिंडरवाला आला होता, त्याच्याशी बोलण्यात ती राहून गेली. ‘अगं, यंदा तिला बी नाही गेली,’ म्हणून दोनदा घरात फिरले. मग तुमचं पत्र आलं, ‘यंदाही बी मलाच, दाताखालीच आली.’ ते पत्र त्यांनी घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं. जेवताना म्हणाले, ‘ती बरण्या उघडत नाही गं.’ मी म्हटलं, ‘विचारा की तिला.’ म्हणाले, ‘नको. जपून ठेवत असेल. पुढच्या वर्षीही पाठवू.’ पुढचं वर्ष त्यांना मिळालं नाही.

म्हणून मला वाटलं, तुम्ही बरणी मागताय ती फळीवर ठेवायला. कोण उघडतंय. खोटी बरणी खऱ्या लेबलाखाली राहील आणि कोणाचं काही बिघडणार नाही. आईंच्या तोंडात ती जाईल हे मनातही आलं नाही. एका आईला तिच्या गेलेल्या मुलाच्या नावाने मी करपलेलं चारलं. रात्रंदिवस तेच डोळ्यांपुढे येतं.

आता तुम्ही सांगा, आईंना बी कुठून आली?

वहिनी

९ ऑगस्ट

वहिनी,

महिना झाला. चार पत्रं सुरू करून फाडली. तुमच्या पत्राने आधी राग आला, पण तो ठेवायला माझ्याकडे जागा नव्हती.

बी आली नाही. ते मी लिहिलं, कारण तसं लिहायची मला सवय आहे.

दादाच्या बरण्या मी फळीवर जपल्या नाहीत. त्याने फार चांगला अर्थ लावला. पार्सल आलं की मी ते तसंच खालच्या मजल्यावर चष्मेवाल्याकडे नेऊन द्यायची. तो खुलायचा. ‘ताई, तुमच्या भावाचा हात म्हणजे हात आहे.’ आणि दर वर्षी एकदा जिन्यात गाठून म्हणायचा, ‘एक बी राहिली होती बरं का, दात वाचला. भावाला पाठवून द्या, फुकट चष्मा करून देतो.’ तेवढ्यावरून मी दादाला लिहायची, बी मला आली. गेल्या वर्षी चष्मेवाला काही बोलला नाही. मला वाटलं, विसरला असेल. मी लिहून टाकलं.

का, ते तुम्हाला माहीत नसेल असं नाही. बाबांनी घर दादाला दिलं, घराबरोबर ती दोन झाडं. मी त्या झाडांवर त्याच्यापेक्षा उंच चढायची. मला काय मिळालं, तर आई. आई जड झाली असं नाही म्हणत. पण पार्सल फोडलं की पहिल्यांदा तो वास यायचा आणि वाटायचं, माझ्याच झाडाची चेरी मला बरणीत घालून बक्षीस म्हणून पाठवतोय. घास उतरला नसता.

इथपर्यंत माझं मला सांगता येतं. पुढचं येत नाही.

आई विचारायची. पहिल्या वर्षी म्हणाली, ‘यंदा जाम नाही आला का गं त्याचा?’ मी नाही म्हणाले. आहे म्हटलं तर उघडावी लागली असती. ‘राहिलं असेल, कामं असतात त्याला,’ म्हणाली. दुसऱ्या वर्षीही विचारलं. तिसऱ्या वर्षापासून विचारायची थांबली. तुम्हाला तिचा स्वभाव ठाऊक आहे, मागून काही घेणार नाही. फोनवर तिला ऐकू येत नाही, त्याचं बोलणं तिला मीच सांगायची. तो इथे आला की माझा जीव अर्धा व्हायचा, आता ही बोलेल, आता हा बोलेल. दोघेही मानी. कोणी बोललं नाही.

या मे महिन्यात मी टीप घालत होते, आणि ती शेजारी बसल्या बसल्या म्हणाली, ‘शेवटी शेवटी त्याने मला जाम पाठवायचं सोडलं. माझं काय चुकलं असेल?’

म्हणून बरणी मागितली. सांगणार होते, हा त्याने तुझ्यासाठी वेगळा ठेवला होता. एका बरणीत सहा वर्षं मिटवायला निघाले होते.

रविवारी उघडली. तिने एक घास घेतला आणि म्हणाली, ‘करपलाय.’ मग पाव बाजूला ठेवून चमच्याने बी शोधायला लागली. बशीत थोडा थोडा काढायचा, पसरायचा, बघायचा. दोन-तीन दिवस ते चाललं होतं. तळापर्यंत गेली. बी नाही. मग मला म्हणाली, ‘त्याची तब्येत तेव्हाच बिघडली होती. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा जाम करपवेल? बी विसरेल? उभं राहवत नसेल त्याला. सूनबाई घरात होती, तिला दिसलं कसं नाही?’

ते शेवटचं तुम्हाला लिहायचं नव्हतं. पण तुम्ही काही लपवलं नाहीत. तेव्हापासून रोज विचारते, त्याला काय होत होतं, कुठे दुखत होतं. मला वाटत होतं बरणी त्याचीच आहे, त्यामुळे मीही विचार करत बसायची, खरंच त्याला बरं नव्हतं का.

तुमचं पत्र मशीनच्या खणात आहे. आईला वाचता येत नाही, आणि मी अजून काही सांगितलेलं नाही. कसं सांगू?

नणंद

१६ ऑगस्ट

वन्सं,

सांगा. आधी माझं सांगा, कारण ते थांबण्यासारखं नाही. हे आजारी नव्हते. गेल्या जूनमध्ये जाम करताना शीळ घालत होते, इतकी बेसूर की मी खिडकी लावून घेतली. डिसेंबरात एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले, तोवर डॉक्टरचं तोंड बघितलं नव्हतं. आईंच्या मुलाला जे दुखणं नव्हतं ते माझ्या बरणीने त्यांना दिलं. एक दिवसही त्यांनी ते आणखी सोसायला नको. मला काय म्हणतील ते म्हणोत.

मग तुमचं सांगा.

तुमचा मला राग आला आहे. चष्मेवाल्याने खाल्ला त्याचा नाही, तो बिचारा तारीफ तरी करायचा. हे पार्सल घेऊन पोस्टाच्या रांगेत उभे राहायचे, आणि पुढचा माणूस जरा हलला की दोन्ही हातांनी बरण्या सावरायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, ‘आईचं आहे.’ तुमचं नाही म्हणायचे, आईचं. हे मी तुम्हाला मुद्दाम लिहिते आहे, लागावं म्हणून. पण मोरीपाशी उभी राहून खाणारी मी तुम्हाला माझ्याच पत्रातून दिसले आहे, तेव्हा माझा राग काही फार उंच उभा राहू शकत नाही.

झाडाचं तुम्ही आधी बोलायला हवं होतं. यांना कळलं असतं तर एक झाड उपटून पाठवलं असतं, तुमच्या दुसऱ्या मजल्यावर.

शेवटच्या तोडीच्या चेरी माझ्याकडे फ्रीजरमध्ये आहेत. बिया काढलेल्या. थोड्या बियांसकट.

वहिनी

२८ ऑगस्ट

वहिनी,

सांगितलं.

मशीन चालू ठेवून सांगत होते. वाटलं, अर्धं ऐकू येईल, अर्ध्यावर निभावेल. तिने चाकावर हात ठेवला आणि मशीन थांबवलं. म्हणाली, ‘पुन्हा सांग. माझ्याकडे बघून.’

तुमचं ऐकल्यावर म्हणाली, ‘म्हणजे तो बरा होता?’ हो म्हणाले. ‘नक्की?’ शिळेचं सांगितलं. ‘बेसूरच घालायचा,’ म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. तुमच्याबद्दल एक शब्द बोलली नाही. मोरीचं सांगितलं तेव्हा फक्त मान हलवली.

मग माझं. ते सांगताना मी खाली बघितलं की ती माझी हनुवटी वर करायची, मी सात वर्षांची असल्यासारखी. संपल्यावर विचारलं, ‘चष्मेवाल्याला आवडायचा?’ हो. ‘दर वर्षी?’ हो. उठली, भिंत धरून आत गेली. त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या हातून चहा घेतला नाही, स्वतः उठून केला, दूध उतू गेलं, तेही स्वतः पुसलं. मी फडकं धरलं तर फडकं सोडलं तिने.

चष्मेवाल्यालाही सांगून आले. म्हटलं, एवढं झालं तर तेही होऊ दे. तो काचा पुसत होता, पुसतच राहिला. म्हणाला, ‘ताई, म्हणजे मी सहा वर्षं त्यांचा घास खाल्ला?’ आता तो आईला नवा चष्मा करून देतो म्हणतोय आणि आई म्हणते तिला सगळं स्वच्छ दिसतंय.

काल संध्याकाळी ती पहिल्यांदा बोलली. ‘सहा वर्षं बी तुला आली ना?’ मी टीप घालत राहिले. ‘तूच लिहिलंस ना त्याला? मग सहा वर्षांच्या बरण्या धुवायच्या राहिल्यात तुझ्या. जा.’

एवढंच. त्यानंतर पुन्हा तोंड बंद. चष्मेवाल्याची बायको दोन दिवस तिच्या सोबतीला राहीन म्हणाली आहे. मी शनिवारी सकाळच्या गाडीने येते. तुम्ही दार उघडाल ना?

नणंद

७ सप्टेंबर

आई,

हे पत्र वन्संच्या हातीच देते आहे, त्या तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवतील. त्यांच्या वाईटाचं काही लिहिलेलं नाही, तेव्हा मध्येच काही गाळायचं कारण नाही. गाळलं तर तुम्हाला त्यांच्या चेहऱ्यावर दिसेलच.

मी तुम्हाला खोटं खाऊ घातलं. यांच्या नावाचं लेबल लावून. त्यामुळे तुम्ही दोन महिने नसलेल्या आजाराचं दुःख केलंत, आणि मला ते दिसलं कसं नाही, असं तुम्ही विचारलंत. यांच्या आजाराबद्दल ते खरं नव्हतं. पण मला काही दिसलं नाही हे खरंच आहे. माझ्या तोंडाला लागलेलं पुसण्यापलीकडे मला काही दिसत नव्हतं. माफ करा असं लिहिताना लाज वाटते, तरी लिहिते.

वन्सं आल्या त्या पदर खोचूनच. कपाटातल्या सगळ्या बरण्या धुतल्या, धुतलेल्याही धुतल्या. खिळ्यांची बरणी रिकामी करून तीही. मी म्हटलं, ‘अहो, ती खिळ्यांची आहे.’ तर म्हणाल्या, ‘होती.’ दुपारी अंगणात गेल्या आणि झाडाला हात लावून उभ्या राहिल्या. पन्नास-साठीची बाई वर चढते की काय अशी मला धास्ती वाटली. नाही चढल्या. खालूनच मला दाखवलं, त्यांची फांदी कुठली आणि यांची कुठली. यांची खालची होती. हे मला कधी बोलले नव्हते.

जाम आम्ही दोघींनी केला. थेंबाला सुरकुती पडल्याबरोबर गॅस बंद केला, वन्संनी माझा हात धरूनच बंद करायला लावला. बरण्या टॉवेलवर मांडल्या आणि दोघी चहा घेऊन बसलो, न बोलता. झाकणं एकेक वाजत गेली. एक वाजलं नाही. बोटाने दाबलं तर खालीवर होत होतं, म्हणून ती बरणी इथेच ठेवली, आधी संपवायला. तुमच्याकडे चार पाठवल्या आहेत, चारही नीट बसलेल्या.

बी एकीत आहे. ती टाकताना आम्ही दोघींनी डोळे मिटले आणि नंतर बरण्यांची जागा बदलली, त्यामुळे कुठल्या बरणीत आहे ते आम्हालाही माहीत नाही.

जाम यांच्या हातचा नाही, आई. यांच्या हातचा आता कुठेच उरला नाही, आणि तो मी संपवला. लेबल मी लिहिलं आहे, अक्षर वाकडं आहे. तुम्हाला खावासा वाटला नाही तर मी समजेन.

तुमची सून

१८ सप्टेंबर

सूनबाई,

अक्षर हिचं आहे, बोलणं माझं. हिच्याशी मी अजून बोलत नाही, लिहून घेण्यापुरतं बोलते आहे.

जाम पोचला. करपलेला नाही. साखर जास्त पडली आहे, त्याचीही पडायची, मी त्याला सांगून थकले. एक बरणी चष्मेवाल्याकडे हिनेच नेऊन दिली, माझ्यासमोर, आणि त्याने घेतली नाही. मग मी खिडकीतून ओरडले, तेव्हा घेतली.

हिने तुझं सगळं पत्र वाचलं. एका ठिकाणी थांबली, मी हनुवटी धरली, पुढे वाचलं.

त्याचं तू एकटीने संपवलंस याचा मला राग आला होता. अजून थोडा आहे. तो तुझ्याजवळ होता, त्याच्या हातचं तुला माझ्यापेक्षा जास्त मिळालं, आणि तरी तुझं पोट भरलं नाही, हे मला कळतं. पण मोरीपाशी उभं राहून खाऊ नकोस. वाजली नाही ती बरणी आहे ना तुझ्याकडे, ती बशीत घेऊन, टेबलापाशी बसून खा. शेजारच्या बाईला बोलाव.

बी तिसऱ्या बरणीत होती. मला आली. हिला खरं वाटेना, माझ्या हातातून घेऊन उजेडाला धरून बघितली. बघू दिली. मग परत घेतली आणि गालात ठेवून दिली. आता सांगतानाही तिथेच आहे, म्हणून ही म्हणते बोलणं नीट कळत नाही. कळतंय तेवढं लिहीत जा म्हटलं.

पुढच्या वर्षी बरण्या मी धुणार. पाणी कोमट ठेव, माझे हात लवकर गारठतात.

आई